जागेपणीची भूल

डोमाजी हेडाऊ, वय एकसष्ट, गोळीबार चौक.
दोन्हीकडच्या सहा-सहा नसा मी बधिर केल्या,
भुवईपासून मानेच्या खळीपर्यंत.
आता डोक्याची कातडी तेवढी त्याची नाही,
बाकी सगळा तो जागा.

बाहेर मेडिकल चौकात पारा शेहेचाळीसवर.
आत हिरव्या कापडाच्या तंबूत
मी आणि त्याचा चेहरा, एवढंच.
ड्रिल सुरू झालं तेव्हा म्हणाला,
"कूलरची मोटर गेली वाटते, मॅडम."

मी चित्रं दाखवते. संत्रं. सायकल. बादली.
तो सांगत जातो, कंटाळून,
मागच्या बाकावरून पाढे म्हणावेत तसा.
पलीकडून सर विजेचं टोक टेकवतात,
कुठे, ते मला दिसत नाही.

मग धोटा.
हे चित्र यादीत नव्हतं, मीच काल काढून आणलं.
चाळीस वर्षं मागावर त्याच्या हातून
इकडून तिकडे पळालेला.
"हे... हे आपलं..."
कापडाखाली बोटं फेकतात,
झेलतात, पुन्हा फेकतात.
शब्द येत नाही.

"थांबा, सर."
तिथे आकडा लिहिलेला इवलासा कागद.
तेवढी जागा सोडायची.

टोक उचललं.
"धोटा," तो म्हणाला, जरा रागावूनच,
"माहीत हाये ना मले!"

मी ओल्या कापसाने त्याचे ओठ पुसते.
माझ्या कागदावर रकाने आहेत :
नाडी, रक्तदाब, औषधाची मात्रा, वेळ.
धोटा कुठे लिहू?
अकरा चाळीसपुढे एक रेघ ओढते,
आडवी.