वरखर्च

तिकिटात जेवण आलं, झोप आली,
वारासुद्धा आला म्हणे.
उरला वरखर्च.
तो मी वीजबिलाच्या पाठीवर मांडतेय:
पोरांना पाचशे-पाचशे.
फोटो नको. खोडलं. बरं, एक.
पाण्याची बाटली दीडशे—

"समुद्रात पानी इकत?"
सासरे हसले. लोको शेडातला माणूस,
जन्मभर पासावर फिरलेला;
भुसावळात आमचा नळ दहा दिवसांनी येतो,
त्यांनी हसावं.

मग हळूच म्हणाले,
"तापीच्या पुलावरून आपन रुपया टाकतो.
समुद्राले किती?"
"जहाजावर सगळं कार्डावर, आबा," यज्ञेश.

ते गप्प. शेंगा सोलत राहिले.

मी फोटो पुन्हा खोडला,
खाली लिहिलं: सुट्टे, अकरा.
आबांच्या खिशात.