तिसऱ्या वहीपासून

मला वाटलं होतं, पहिल्या वहीपासून सुरू करायचं असतं.
कोटगिरे अप्पा इस्त्री उभी करून म्हणाले,
"तिसरीपासून."
काहून, ते सांगितलं नाही.

सेलूच्या जिनिंगमागची गल्ली.
हवेत सरकीचा वास, पापण्यांवर कापसाचे तंतू.
बुधवारी सातनंतर दुकानाचं शटर अर्धं खाली,
आत पाच माणसं, एक सतरंजी
आणि दगडूशा मास्तरांच्या सात वह्या,
निजामाच्या तहसिलीतल्या जाड कागदाच्या.
मराठीच, पण उर्दू अक्षरांत,
उजवीकडून निघालेली.
झुबेदा आपा वाचतात. बाकीचे ऐकतात.

मी मोटारी भरते. जळालेल्या, बोअरच्या.
एका स्लॉटला बेचाळीस वेढे.
एक चुकला तरी मोटार घरघरते, तापते,
आणि शेतकरी बिल द्यायला येतो ते भांडायलाच.
मला मोजल्याशिवाय काही कळत नाही,
इथं मोजायला कुणी काही देत नाही.

तर विचारते. राग मानू नका.

निळं मीठ म्हणजे काय?
दर चार पानांनी येतं,
*निळं मीठ जिभेवर ठेव आणि गप बस.*
वाण्याकडं मिळतं, का कुणाचं नाव आहे?
कांदा-लसूण सोडावा लागतो का?
पाळीत वहीला हात लावला तर चालतो?
नाही म्हणालात तर मी आत्ताच चप्पल घालते.
पाचवीतलं एकोणचाळिसावं पान कुणी फाडलं?
त्यांनीच, तर मग ती फाटकी कड
आपण तासभर का न्याहाळतो?
सातही वह्या संपवलेलं कुणी आहे का?
असेल तर त्याला झोप लागते का?
न कळता ऐकलं तर पोचतं?
आणि चुकीचं कळलं तर,
ते उसवायचं कसं?
एक राहिलं. आईनं विचारायला सांगितलंय:
बायकोशी कसे वागायचे मास्तर?

अप्पांनी कोळसे फुंकले.
आपांनी पदराला चष्मा पुसला, चौथी वही उघडली,
समासावर बोट ठेवलं.
वेगळी शाई. बारीक देवनागरी आकडे.
पाऊण, पाऊण, दीड, शून्य, पाऊण.
"ह्याच्यावर अकरा वर्षं बसलो आम्ही.
एकानं तर नक्षत्रं काढली ह्यातून.
मग त्यांची नात आली गंगाखेडची.
म्हणाली, आजीचा दुधाचा हिशोब हाय हो ह्यो.
दीड लिहिलंय ना, त्या दिवशी पाहुणे."

मग?

"मग काय. नक्षत्रंवाला यायचा बंद झाला.
आम्ही ते पान अजून वाचतो.
शून्य आहे ना, त्याच्याच शेजारी
मास्तरांनी लिहिलंय: *आज पोट भरलं.*
कसे वागायचे, ते आता तूच काढ."

घरी सांगितलं नाही.

गुरुवारी एक मोटार आली, तीन वर्षं विहिरीत बुडालेली.
टर्मिनल उघडलं तर तांब्यावर
निळसर पूड, ओलसर, मिठासारखीच.
जिभेवर ठेवू नये एवढं मला कळतं.
मोरचुदानं बकरी मेलेली पाहिलीय मी.
पण नखानं खरवडली,
बिलाच्या कागदात पुडी बांधली,
बुधवारसाठी ड्रॉवरमध्ये ठेवली.
मग गप बसले थोडा वेळ. उगाच.

पुन्हा हात घातला तेव्हा
वेढे किती झाले ते आठवेना.
सव्वीस? एकोणतीस?
तार सोडली. सगळी.
पुन्हा एकपासून.
मोटारीला तिसऱ्यापासून चालत नाही.