मध्य

माझ्या टेबलावर, काचेखाली, मध्य विभागाचा नकाशा आहे.
काचेवर कॉफीच्या कपाचं वर्तुळ.
पुसलं तरी रोज उमटतं,
रोज जरा वेगळ्या हद्दीवर.

हॅम्बुर्गचे विभाग सात, मोहल्ले एकशे चार,
आणि शहर तेच, राज्यही तेच,
त्यामुळे शहराची तक्रार राज्याकडे न्यायची
तर पायऱ्या त्याच चढाव्या लागतात.

नवा माणूस रुजू झाला की आम्ही विचारतो,
सांग, मध्य विभाग संपतो कुठं?
तो बोट फिरवतो : मोठं स्टेशन, गोदामं, बंदर,
एल्बेचे दोन फाटे, मधली सखल बेटं,
आणि दक्षिणेच्या काठाशी थबकतो.
मग सेवगी नकाशाचा कोपरा दाखवते.
तिथं टपालाच्या तिकिटाएवढी चौकट,
चौकटीत नॉयव्हेर्क.
नदी संपून समुद्र लागतो तिथं,
इथून शंभर किलोमीटरवर,
मधला सगळा मुलूख दुसऱ्या राज्याचा.
पण कागदावर ते बेट मध्यातच.
मध्य म्हणजे मधलं, असं मला शाळेत शिकवलं होतं.

विल्हेल्म्सबुर्गचे टिम्मान आजोबा आले होते एकदा.
दोन हजार आठच्या मार्चात त्यांचा मोहल्ला
हारबुर्गकडून काढून आम्हाला दिला, त्यानंतर.
टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाले,
"मी झोपलो होतो. उठलो तर मध्यात.
बासष्टच्या पुरातही झोपलोच होतो मी, पोरगा होतो.
पण पाण्यानं निदान दार तरी वाजवलं होतं."
मी शिक्का मारला. दुसरं काय करणार.

आणि बेटावरच्या टालके फॉक.
ओळखपत्राची मुदत संपली होती,
चौदा दिवसांत समक्ष हजर राहावे, असं आम्ही कळवलं.
उत्तर आलं, निळ्या शाईत :
"ओहोटी पहाटे चारला. तुमचं ऑफिस आठला.
दोघांपैकी एकानं वेळ बदलायला हवी.
समुद्राशी मी बोलून पाहिलंय."

म्हणून मीच गेले,
बोटांचे ठसे घेणारं यंत्र पेटीत घालून.
किनाऱ्यावरून पुढे घोडागाडी,
ओल्या चिखलाच्या मैदानातून दीड तास,
जिथं सहा तासांनी मासे असणार होते.
गाडीवानाला विचारलं, आमची हद्द कुठं सुरू होते?
तो म्हणाला, "घोड्याला विचारा,
तो आत्ताच तिच्यावर मुतला."

टालकेबाईंनी हात पुसून पुढे केला.
यंत्र म्हणालं : पुन्हा ठेवा.
पुन्हा ठेवला. यंत्र म्हणालं : स्वच्छ करा.
सत्तर वर्षं दोर ओढून, जाळी विणून, कोळंब्या सोलून
बोटांवरच्या रेघाच गेल्या होत्या,
भरती येऊन गेल्यावर
वाळूवरच्या चाकोऱ्या जातात तशा.
अर्जात तशा माणसांसाठी एक चौकोन असतो.
इतक्या वर्षांत मी त्यात कधी फुली मारली नव्हती.

चहा ओतताना त्यांनी विचारलं,
"तुमच्या त्या खऱ्या मध्यात कोण राहतं हो?"
जुन्या शहरातले रस्ते आठवले,
संध्याकाळी सातनंतरचे :
दिवे सगळे चालू, सफाईची गाडी,
एखादा पर्यटक, नकाशा उलटा धरलेला.
म्हटलं, फारसं कोणी नाही.
"मग आमच्यासारखंच," त्या म्हणाल्या,
आणि घड्याळाकडे नाही, खिडकीकडे पाहून
मला निघायला सांगितलं.

परवा कपाचं वर्तुळ
नेमकं त्या कोपऱ्यातल्या चौकटीवर पडलं.
फडकं घेतलं, पण हात थांबला.
सेवगी वाकून बघत म्हणाली,
"भरती."
बाहेर रांगेत अकरा जण होते.
मी पुढचा नंबर पुकारला.