सहाचा नऊ

दिवस आणि रात्र तराजूत सारखी उतरतात
त्या पहाटे मी साडेतीनला कुलूप काढते.
हातात विजेरी, काखेत पावतीपुस्तक,
फडक्यात कालच्या मक्याच्या चार भाकऱ्या.
माकडं अजून ओरडायला लागलेली नसतात.
पेतेनचं जंगल नुसतं दव गाळत असतं
पानावरून पानावर, हिशेब केल्यासारखं.

माझा बाप, एउसेबियो तिउल,
आधी चिकूच्या झाडांवर चढायचा.
सालीवर कोयत्याने नागमोडी घाव,
खाली पिशवीत पांढरा चीक,
कुठल्याशा परक्या पोरांनी चघळून थुंकायला.
दोर तुटला, पाय मोडला,
तेव्हा तो जमिनीवरच्या कामाला लागला:
पडलेलं देऊळ परत उभं करायचं.

साहेब लोक दूरचे होते, वाईट नव्हते.
त्यांनी दगडादगडावर पांढऱ्या रंगाने आकडा घातला,
कागदावर तोच आकडा,
कागदाबरहुकूम दगड.
बापाला वाचता येत नव्हतं.
तो आकड्यांची तोंडं ओळखायचा
जशी आपण गावातली माणसं ओळखतो.
पोट खाली तो सहा, पोट वर तो नऊ.
पण दगड गडगडत आलेले;
त्यांना कुठलं वर आणि कुठलं खाली?

दाराच्या उजव्या चौकटीत, कमरेच्या उंचीला,
सहाच्या जागी नऊ बसला.
(नवाच्या जागी सहा, तो आत, छताजवळ.
त्याने कुणाचं काही बिघडत नाही.)
चुना वाळला. साहेब परत गेले.
बापाला कळलं ते पुढच्या मार्चमध्ये,
सूर्य आल्यावर.

समोरच्या जोत्यामागून तो वर येतो,
नेमका दाराच्या मधोमध,
आणि मागच्या भिंतीवर उन्हाची उभी पट्टी पडते.
ओळंब्यात.
कोणीतरी दोन काठ्या आणि एक सूत धरून
किती पहाटा इथे उभं राहिलं असेल,
ढगांनी किती वर्षं फुकट घालवली असतील,
तेव्हा कुठे अशी.
आणि त्या पट्टीच्या कडेला
बोटभर खाच.

बाप त्या दिवशी जेवला नाही.
मला म्हणाला, कुणाला सांगू नकोस.
मी नऊ वर्षांची होते.
आई म्हणते, सहा.

आता वाटाडे सांगतात, तो जॅग्वारचा कान.
रात्री सूर्य जॅग्वार होऊन जमिनीखालून चालतो
आणि इथे येऊन आधी कान बाहेर काढतो, कानोसा घ्यायला.
लोक आ वासतात, मोबाइल वर करतात.
एका बाईंना तर रडू फुटलं.
मी मागे उभी असते, टोपी हातात धरून.

शाळेत मास्तरांनी आमचे जुने आकडे शिकवले.
आडवी रेघ म्हणजे पाच, ठिपका म्हणजे एक.
सहा: रेघ आणि एक ठिपका.
नऊ: रेघ आणि चार.
मी वही उलटी धरली, आडवी धरली,
सहा सहाच राहिला.
त्या रात्री बापापुढे चुलीच्या उजेडात
एक काडी मांडली आणि मक्याचे दाणे.
तो बराच वेळ बघत बसला.
काडी फिरवली. परत फिरवली.
"म्हणजे मला वाचता येत होतं तर,"
तो म्हणाला.

यंदा एक तरुण मुलगी आली, तीन पायांचं यंत्र घेऊन.
पट्टी बघितली, चौकट चाचपली, माझ्याकडे वळली.
"हा दगड बदलला तर ऊन सरळ पडेल."
मी म्हटलं, यंत्राची पावती वेगळी लागते.

खाच चार मिनिटं राहते.
मग सूर्य वर सरकतो, भिंत नुसती भिंत होते,
आणि लोक नाश्त्याच्या गाडीकडे पांगतात.
मी आत जाते, तिथे बोट ठेवते.
आजूबाजूचा दगड कोमट झालेला असतो.
तेवढाच गार.