चार वाजून दहा मिनिटं

रोज चार वाजून दहा मिनिटांनी
डाव्या भुवईच्या वर कुणीतरी दार ठोठावतं.
मोठ्यानं नाही.
वसुलीला आलेल्या घरंदाज माणसासारखं,
थांबून, पुन्हा, थांबून.

आज तिसरा दिवस.
छातीत धडधडतं म्हणून गेले होते,
डॉक्टरीणबाईंनी दोनच शब्द लिहिले: चहा बंद.
नऊ कप रोजचे, एकतीस वर्षं.
कॅल्क्युलेटरवर आकडा लाखावर गेला
तेव्हा मी तो उपडा ठेवला.
सगळी नोकरी एजी ऑफिसात,
दुसऱ्यांच्या हिशेबांवर आक्षेप काढण्यात गेली.
थकबाकी कशी दिसते मला माहीत होतं.
कशी ठणकते, ते नव्हतं.

जानेवारीच्या धुक्यानं किल्ला पुसून टाकलाय.
बरं झालं.
डोळ्यांना तेवढंच एक कमी.
ट्यूबलाइट मात्र आहे, तिची किर्र आहे,
आणि पलीकडच्या टेबलावर भदौरिया
बशीत ओतून फुर्र करतायत.
माणसाचा राग येण्यासाठी
इतकं छोटं कारण पुरतं, हे नव्यानं कळलं.

मालूवन्सं फोनवर म्हणाल्या, सुंठ उगाळून लाव.
लावली. वाळत गेली तसं कपाळ आवळत गेलं,
लग्नातलं ब्लाउज आता घालून पाहावं तसं.
भदौरिया म्हणाले, गोळी घ्या.
नवी आलेली नूपुर म्हणाली, मॅडम, पाणी प्या, भरपूर.
प्याले. बाथरूम कॉरिडॉरच्या पार टोकाला,
चौदा वेळा गेले.
रात्री ओला टॉवेल, मिटलेली खोली,
आणि अंधारात तो
एक-दोन, एक-दोन,
माझ्याच नाडीवर पाय टाकत फिरणारा.

संध्याकाळी फाटकाशी रामबरननं हटकलं.
त्याच्या खलबत्त्यात आलं होतं.
मी श्वास तोंडानं घेत होते.
"तीन दिन से आपका गिलास उलटा रखा है, दीदी."
सांगितलं मग. सगळं. कपाळाला हात लावून,
रस्त्यावर, बाईमाणसानं सांगू नये इतकं.
त्यानं स्टोव्ह बारीक केला.
"एकदम थोड़े ही छोड़ते हैं," म्हणाला,
"किले से कोई कूदता है क्या?
उतरते हैं."

आणि धुक्यात, जिथे किल्ला असायला हवा होता,
तिकडे त्यानं सांडशीनं बोट दाखवलं.

मग काचेच्या ग्लासावर अंगठा धरला, निम्म्यावर.
इतका, चार दिवस.
मग एक बोट कमी. मग आणखी एक.
आपलंच गिऱ्हाईक तो
बोटाबोटानं घालवत होता,
आणि मापात चूक नको म्हणून
दोनदा वाकून बघत होता.

डॉक्टरीणबाईंना फोन केला.
त्या जरा वेळ गप्प राहिल्या.
हो, म्हणाल्या, असंच करा,
हे मीच सांगायला हवं होतं.

तो पहिला अर्धा ग्लास.
कसा लागला, ते सांगणार नाही.
वीस मिनिटांनी ठोठावणं थांबलं.
तो गेला नव्हता, ओसरीवर बसला होता,
चपला काढून. पण गप्प.

आज सव्विसावा दिवस. तळाशी एक बोट उरलंय.
उन्हात किल्ला पुन्हा जागेवर आलाय,
आणि त्याच्या उतारावरून कुणीतरी
सायकल हातात धरून खाली येतंय.
चार वाजून दहा झाले तरी
भुवईवर कुणी नाही.
मी सवयीनं कान देते.

पुढच्या सोमवारपासून रिकामा ग्लास.
तोही गरम पाण्यानं विसळून देईन, म्हणतो रामबरन,
नुसतं उभं राहायला या.
पैसे? तर त्यानं
मळकी वही उघडून माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं
आणि मी, एकतीस वर्षं वह्या तपासलेली बाई,
मान वाकडी करून वाचायला गेले
तर हातानं झाकलं.