वरची बाजू

पांढरा धूर म्हणजे पाणी,
काळा म्हणजे डिझेल जास्त,
निळा म्हणजे ऑईल जळतंय.
एवढं तर तळोजा फाट्यावरचा चहावालाही सांगतो,
वर म्हणतो, "काका, विका आता."

चार वर्षं माझ्या आरशात निळा धूर होता.
कळंबोली ते कराड, पत्र्याची कॉईल घेऊन,
जाताना तीन लिटर, येताना दोन.
घाटात मागचे लोक हॉर्न मारायचे नाहीत,
नुसत्या काचा वर करायचे.

रेणू आयटीआयला, डिझेल मेकॅनिकला.
तीस पोरांत दोन मुली, त्यातली एक मध्येच सोडून गेली.
म्हणाली, "अण्णा, गॅरेजला देऊ नको. आपण खोलू."

रविवारी लोखंड बाजार बंद.
गोदामाच्या मागे, भिंतीच्या सावलीत
चाकांना दगड लावले, बॅटरी सोडली,
आणि केबिनमधलं ते झाकण उचललं
ज्यावर वीस वर्षं माझा डबा गरम राहिला.

तिने पुठ्ठ्यावर पेनाने इंजिन काढलं,
भोकं पाडली,
निघेल तो बोल्ट आपापल्या भोकात.
मी आजवर सगळे एका घमेल्यात टाकत आलो.
बोललो नाही.

खालून चेंबर सोडलं, बेरिंगच्या टोप्या काढल्या,
हातोडीच्या दांड्याने ढकलत पिस्टन वर आणला.
करपलेल्या दुधाचं पातेलं असतं तसा.
लायनरमधून तिने नख फिरवलं, वरून खाली.
अडकलं नाही.
"लायनर चांगला आहे. मग एवढं ऑईल जातंय कुठून?"

मग तिने दुसरी रिंग डिझेलने धुतली,
मोबाईलचा उजेड धरला.
मला तिथे खरवड दिसली. तिला अक्षरं दिसली.
"यावर टॉप लिहिलंय, अण्णा. हे वर पाहिजे."
ते खाली होतं.
सहाच्या सहा पिस्टनांना खाली.
"ही रिंग ऑईल खरवडून खाली लोटते.
उलटी बसली की वर ओढत राहते."

कुणी बसवल्या?

"चाळके मेस्त्रीनं," मी म्हणालो.
जिभेला सवय होती.
चार वर्षं हेच सांगत आलो,
ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, वजनकाट्यावर, सोयऱ्यांत.
त्याची अर्धी मजुरीही ठेवून घेतली.

ती काही म्हणाली नाही.
नव्या रिंगा एकेक लायनरमध्ये घालून
पात्याने फट मोजत राहिली.
फटी एकीखाली एक येऊ दिल्या नाहीत,
म्हणाली, समोरासमोर दारं नकोत.
आणि थोड्या वेळाने, पान्याकडे बघत,
"मेस्त्री असं करणार नाही."

त्या रात्री मेस्त्रीला ताप होता.
"मी येईपर्यंत हात लावू नको," बोलून गेला.
सकाळी माल उचलायचा होता.
त्याच्या बल्बखाली मीच बसवल्या,
अक्षरं असतील ती कंपनीची, असं समजून.
सकाळी तो आला, इंजिन बंद झालेलं होतं.
त्याने विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

हे मी तिला हेडचे बोल्ट आवळताना सांगितलं.
सरांकडून आणलेला पाना कट्ट करायचा,
ती पुढच्या बोल्टवर जायची, मधून बाहेर.
"धर," एवढंच म्हणाली, "बॅटरी नीट धर."

रात्री साडेदहाला सेल्फ मारला.
निळा. भरपूर निळा.
माझे हात गळाले.
"सायलेन्सरमधलं जुनं आहे," ती म्हणाली, "जळू दे."
वीस मिनिटं आम्ही बंपरवर बसून होतो.
मग तिने तो पुठ्ठा, बोल्टांची भोकं असलेला,
धुराड्यासमोर धरला,
आणि भोकांतून पलीकडचा खांब स्वच्छ दिसला.

आता कराडला जाऊन येतो, काठी तिथल्या तिथे.
तरी घाटात आरशात बघतो.
मागचा हॉर्न मारतो. बरं वाटतं.

चाळके मेस्त्री कामोठ्याला एका सोसायटीत वॉचमन आहे.
रविवारी जायचंय.
अर्धी मजुरी पाकिटात घातली आहे,
व्याज किती लावायचं ते रेणूला विचारलं.
ती म्हणाली,
"जुन्या रिंगा घेऊन जा."