फक्त खिसे

फिअख्राला शर्ट नकोय, पँट नकोय.
खिसे हवेत.
नुसते.
साडेचार वर्षांचा हट्ट स्टुलावर चढून
मशीनच्या चाकाला हात घालून उभा आहे,
वरच्या ओठावर दुधाची मिशी.

काल टेडीच्या पोटाला एक लावला.
परवा उशीला, पडलेल्या दातासाठी.
अजून एकही दात पडलेला नाही,
पण तयारी असावी.
त्याआधी बापाच्या ड्युटीच्या जॅकेटला, आतून.
कॉर्मॅक बस चालवतो.
तिसऱ्या थांब्यावर किल्ली शोधताना
त्याच्या हाताला अर्धा टोस्ट लागला
आणि एक ओला खडा.
रात्री घरी आला तेव्हा
खडा तसाच होता. टोस्ट नव्हता.

शिवताना तो माझ्या हातावर हात ठेवतो,
म्हणजे शिवतो तोच.
"हळू," मी म्हणते. पायाला म्हणते, त्याला म्हणते,
सुई मोडल्यावर कुणालाच काही म्हणत नाही.
उसवायला मात्र त्याचा हात धरू नये कुणी.
एकेक टाका उचलून असा काढतो
जसा माशातला काटा.

मशीन डिंफ्नामावशीची.
फॉईलच्या काठच्या शर्ट-फॅक्टरीत
एकतीस वर्षं तिनं कॉलर शिवल्या.
फक्त कॉलर.
बाह्या वरच्या मजल्यावर, काजं पार त्या टोकाला.
"आणि खिसे?" मी लहानपणी विचारलं होतं.
"शिवत असेल कुणीतरी," ती म्हणाली,
"तिची नि माझी जेवणाची सुट्टी वेगळी."
एकदा दुकानाच्या काचेआड
अख्खा शर्ट दिसला म्हणे तिला,
बाह्या, काजं, खिसा, सगळं एका अंगावर.
थांबली, कॉलर ओळखली,
किंमत वाचली
आणि बटाटे घ्यायला पुढं गेली.

मंगळवारी सिंकखालचा पाइप फुटला,
दूध ऊतू गेलं, त्याची शाळा अर्ध्यावर सुटली,
मी फरशी पुसता पुसता बोलून गेले,
आभाळच फाटलंय, ठिगळ लावू तरी कुठं?
तो गुडघाभर पाण्यात उभा असल्याच्या थाटात
(पाणी घोट्यालाही नव्हतं)
म्हणाला, "खिसा लाव."

कापड संपलं.
जुन्या चादरी संपल्या, माझा एक स्कर्टही.
उरला मावशीचा हिरवा कोट,
फेब्रुवारीपासून दाराआड टांगलेला.
त्याला मी कातर लावणार नव्हते.
त्यानं तो खाली ओढला, आत शिरला,
आणि अस्तरात हात घालून ओरडला,
"आहे! हिच्याकडे आहे!"

होता.
डाव्या बगलेखाली, कुणाला दिसू नये असा,
काळ्या कोटाचा असावा त्या कापडाचा,
पांढऱ्या दोऱ्यानं, हातानं शिवलेला.
वाकडा.
मी खिडकीशी नेऊन पाहिला.
जिची टीप फुटपट्टीनं आखल्यासारखी जायची
तिचे हे टाके,
एक लांब, एक आखूड, मध्येच गाठ,
जणू कुणीतरी स्टुलावर चढून
तिच्याही हातावर हात ठेवला होता.

आत बसचं तिकीट, पुसट,
आणि कागदाला चिकटलेली पेपरमिंटची गोळी.
मी तिकिटावरची तारीख वाचेपर्यंत
गोळी गेली होती.
"चव कशी होती?"
"कोटाची."

कोट परत दाराआड टांगला.
आता येता-जाता तो त्यात काहीबाही टाकतो:
बटण, मटार, एक सॉक.
मी विचारत नाही.

आज नवा हुकूम आलाय.
खिशाला खिसा हवा,
अगदी इवलासा, नखाएवढा.
"अरे, त्यात मावणार काय?"
तो सुईत दोरा ओवण्याचा प्रयत्न करतोय,
दोऱ्याचं टोक तोंडात, एक डोळा मिटलेला.
"आधी शिव तर."